खाणावळीच्या तपासणीचे दप्तर

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने हिरव्या झालेल्या उसाच्या मुलखात वसलेले श्रीपूर हे मुळात कारखान्याभोवती वाढलेले गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला, पुढे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखानाही येथेच निघाला, आणि आता शेजारच्या महाळुंगासह ह्या वस्तीची नगरपंचायत झालेली आहे. अशा गावात परक्या माणसांचा राबता बारमाही असतो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे चालक, तोडणीच्या टोळ्या, वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढणारे गाडीवान येतात. आणि आषाढीच्या आधी संत तुकाराममहाराजांची पालखी अकलूज, माळीनगर, श्रीपूर, बोरगाव अशा वाटेने पंढरपुराकडे निघते तेव्हा लक्षावधी वारकऱ्यांची पावले ह्याच रस्त्याने जातात. ह्या सर्वांना भूक लागते, आणि ती भागवण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही अंगांना चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, शेवभाजीची आणि मटणभाकरीची हॉटेले, घरगुती खाणावळी उभ्या असतात. खाणाऱ्याला आचाऱ्याचे नाव ठाऊक नसते, आचाऱ्याला खाणाऱ्याचे गाव ठाऊक नसते. आणि भटारखान्याच्या दारावरचा पडदा दोघांच्या मध्ये लोंबत असतो.

त्या पडद्याच्या आत गिऱ्हाइकाच्या वतीने डोकावण्याचा अधिकार कायद्याने एका सरकारी नोकराला दिलेला आहे. तो आत गेला म्हणजे काय पाहतो, पाहिलेले कोठे लिहितो, लिहिलेले कोणाच्या दप्तरात जाते आणि ज्याच्या पोटासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याला त्यातले काय कळते, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो: तपासणीचा अहवाल हा सरकार आणि हॉटेलमालक यांच्यामधला खाजगी पत्रव्यवहार नव्हे, तो जेवणाऱ्याच्या मालकीचा कागद आहे, आणि त्याची जागा फायलीत नसून दरफलकाच्या शेजारी भिंतीवर आहे.

अन्नातील भेसळीवर सरकारी नजर ठेवण्याची परंपरा आपल्या प्रांतात जुनी आहे. मुंबई इलाख्यासाठी १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर सबंध देशासाठी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम आला आणि तो १ जून १९५५ पासून अमलात राहिला. ह्या दोन्ही कायद्यांची दृष्टी मुख्यत्वे वस्तूवर खिळलेली होती: दुधात पाणी आहे काय, तुपात वनस्पती आहे काय, हळदीत रंग आहे काय. पण शुद्ध दुधाची, शुद्ध तांदळाची आणि शुद्ध तेलाची रसोईसुद्धा मळक्या हातांनी, दूषित पाण्याने किंवा निव्वळ वेळ टळून गेल्याने विषारी होऊ शकते, आणि रसायनशाळेतील भेसळीची परीक्षा तेथे फारशी कामास येत नाही. ही उणीव २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने पुष्कळशी भरून काढली. ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेल्या ह्या कायद्याने अन्नपदार्थाबरोबर तो जेथे तयार होतो ती जागा, तो जे हात तयार करतात ते हात आणि तो ज्या रीतीने ठेवला जातो ती रीतही तपासणीच्या कक्षेत आणली. महाराष्ट्रात ह्या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. श्रीपूरच्या हॉटेलाचे दप्तर म्हणूनच सोलापूरच्या सहायक आयुक्त (अन्न) ह्यांच्या कार्यालयात असते.

गिऱ्हाइकाच्या नजरेस ह्या व्यवस्थेतले जे एकच चिन्ह पडते ते म्हणजे चौदा आकड्यांचा क्रमांक. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक झाले आहे. हा क्रमांक वाचता येणे अवघड नाही. पहिला आकडा १ असेल तर हॉटेलकडे परवाना आहे, २ असेल तर केवळ नोंदणी. नंतरचे दोन आकडे राज्याचे, आणि महाराष्ट्रासाठी ते १५ असतात. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. मग तीन आकडे क्रमांक देणाऱ्या अधिकाऱ्याचे आणि शेवटचे सहा अनुक्रमाचे. म्हणजे २१५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ते महाराष्ट्रातील लहान, नोंदणीकृत दुकान समजावे. लहान-मोठेपणाची सीमा २०११ च्या नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आखलेली होती. धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यालाही त्या नियमांनी नोंदणीच्या वर्गात घातलेले आहे, कारण मूळ अधिनियमाच्या व्याख्येत अन्नव्यवसाय नफ्यासाठी चालतो की नाही ह्याला महत्त्वच नाही. पालखीच्या वाटेवर पंगती घालणाऱ्या मंडळांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. ज्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार असत तेथे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ अन्वये उपाहारगृह काढण्यास मालकाला भाग पाडता येत असे. कारखान्यातले असे उपाहारगृहही ह्या अन्न कायद्यातून सुटत नाही.

परंतु हा क्रमांक एवढेच सांगतो की दुकानदाराने दरखास्त दिली, फी भरली आणि त्याला व्यवसायाची मोकळीक मिळाली. स्वच्छतेविषयी तो मुका आहे. मुदत न संपलेला परवाना काचेच्या चौकटीत लावून त्याच भिंतीपलीकडे मोरीच्या काठावर कणीक मळली जात असेल, तर चौदाही आकडे आपापल्या जागी बिनचूक राहतील. खरी हकीकत सांगणारा कागद वेगळा आहे, आणि तो म्हणजे तपासणीचा तक्ता.

हा तक्ता बारकाईने वाचण्यासारखा आहे. परवाना-नियमांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या ज्या अटी आहेत त्यांचेच गुणांत रूपांतर करून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उपाहारगृहांसाठी ११४ गुणांची परीक्षा तयार केली. शंभर वा अधिक गुण पडले तर सर्वोच्च श्रेणी, नव्वद ते नव्याण्णव पडले तर समाधानकारक, ऐंशी ते एकोणनव्वद पडले तर सुधारणा आवश्यक, आणि त्याखाली घसरले तर श्रेणीच नाही. ह्या परीक्षेचा खरा कस मात्र बेरजेत नाही. काही प्रश्नांवर ताऱ्याची खूण असते आणि त्यांपैकी एकातही कसूर निघाली तर बाकीचे गुण कितीही असोत, ते हॉटेल अनुत्तीर्ण ठरते. पिण्यायोग्य पाणी, शिजवण्याची उष्णता, कच्चे व शिजलेले अन्न यांची फारकत ह्यांसारख्या बाबी ह्या वर्गातल्या आहेत. ही योजना मला अत्यंत शहाणपणाची वाटते. चकचकीत फरशी, गणवेशातले वाढपी आणि भिंतीवरची चित्रे यांनी मिळवलेले गुण दूषित पाण्याची भरपाई करू शकत नाहीत, हे तिने निःसंदिग्धपणे लिहून ठेवले आहे.

अधिकारी भटारखान्यात शिरला म्हणजे त्याची नजर प्रथम पाण्याकडे जावी. टाकी झाकलेली आहे काय, तिच्या तळाला गाळ साठला आहे काय, पाण्याच्या परीक्षणाचा दाखला किती जुना आहे, हे तो विचारतो. खेड्यापाड्यांतील पाणीपुरवठ्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे: काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात आणि पाणी पिवळे झाले तर ते जंतुनाशक अजून शिल्लक आहे असे समजतात. आपल्या ग्रामपंचायतींत हिला ‘ओटी’ म्हणतात. पाणी पांढरेच राहिले तर पुढे शिजणाऱ्या अन्नाची चिंता करण्याआधी पेल्यातल्या पाण्याची चिंता करावी लागते. पंढरीच्या वाटेवरच्या प्रदेशाला ह्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी. एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकीच्या साथी ह्या मुलखात फिरल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीही सरकारच्या आरोग्यखात्याला पंढरपूरच्या यात्रेची काळजी लागून राहिली होती. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चित ओळखला, आणि वाल्डेमार हाफकिन यांनी १८९३ साली हिंदुस्थानात येऊन तिची लस टोचण्यास आरंभ केला. पण लस टोचलेल्या माणसालाही शुद्ध पाणी द्यावेच लागते.

नंतर माणसे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि विषमज्वरासारख्या आंत्ररोगांविरुद्ध त्याला लस टोचलेली असली पाहिजे, असा नियम आहे. हा नियम अनेक हॉटेलमालकांना निव्वळ कागदी जाच वाटतो. त्यांनी मेरी मॅलन ह्या न्यूयॉर्कमधील स्वयंपाकिणीची कथा वाचावी. ती स्वतः धडधाकट होती. पण ज्या ज्या घरी ती कामाला राहिली तेथे तेथे विषमज्वर निघाला, आणि जॉर्ज सोपर ह्या आरोग्यतज्ज्ञाने १९०७ साली तिचा माग काढला तेव्हा तिच्या देहात ते जंतू तिला कोणताही त्रास न देता नांदत असल्याचे उघड झाले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही ह्या अटीवर तिला १९१० साली सोडले. १९१५ साली ती एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यात काम करताना सापडली, आणि त्यानंतर १९३८ साली मरण येईपर्यंत तिला एकांतवासात ठेवण्यात आले. त्या बाईविषयी मला करुणाच वाटते. तिच्या आयुष्याची ही परवड नियमित तपासणी आणि दुसऱ्या रोजगाराची शाश्वत सोय असती तर टळली असती. आपल्याकडील आचाऱ्याच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे की जुलाब होत असताना रजा मागितली तर रोज बुडेल ह्या भीतीने तो परातीपुढे बसतो. रजेचा पगार कापणारा मालक त्या दिवशी आपल्या गिऱ्हाइकांना रोग वाढत असतो.

आणि मग येते उष्णता, जिच्याविषयी आपल्या लोकांत सर्वांत अधिक गैरसमज आहेत. पाच अंशांच्या खाली जंतूंची वाढ मंदावते, साठ अंशांच्या वर ती थांबते, आणि ह्या दोहोंच्या मधला पट्टा, म्हणजे नेमकी आपल्या भटारखान्याची सर्वसाधारण हवा, ही त्यांच्या सुगीची जागा आहे. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एक जंतू सात तासांत एकवीस वेळा दुप्पट झाला तर त्याची प्रजा २० लाख ९७ हजार १५२ होते. रात्री दहा वाजता चुलीवरून उतरवलेल्या आणि पहाटे पाचला पुन्हा गरम करायला घेतलेल्या आमटीच्या टोपात एवढा अवकाश सहज मिळतो. टोप जितका मोठा तितका त्याचा गाभा उशिरा निवतो; वरची साय गार लागते, पण मध्यावर पहाटेपर्यंत ऊब टिकते. मटणाच्या रश्श्यात आणि दाट डाळीत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू तर त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंशांच्या उबेतच सर्वांत वेगाने फोफावतो.

‘पुन्हा खळखळून उकळले की सारे मरते’ हा आपल्या आचाऱ्यांचा ठाम विश्वास आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. शिळ्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियस ह्या जंतूचे बीजाणू पहिल्याच उकळीत तगून राहतात, भात बाहेर उबेला राहिला की रुजतात, आणि जे वांतिकारक विष सोडतात ते दुसऱ्या उकळीने नाहीसे होत नाही. माणसाच्या नाकातून, त्वचेतून आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून पेढ्यात वा बासुंदीत उतरणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे विषही असेच चिवट असते. म्हणून नियम असा की पुढच्या वेळेसाठी ठेवायचे अन्न साठ अंशांवरून एकवीस अंशांवर दोन तासांच्या आत आणले पाहिजे, तेथून त्वरेने पाच अंशांपर्यंत उतरवले पाहिजे, आणि पुन्हा गरम करताना त्याचा गाभा पंचाहत्तर अंशांवर गेला पाहिजे. ह्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोठ्या टोपातली आमटी चार पसरट पातेल्यांत ओतून ती गार पाण्यात ठेवली तरी बरेच साधते. लागतो तो एक उष्णतामापक. श्रीपूरच काय, कोणत्याही गावच्या हॉटेलात तराजू असतो, गल्ला असतो, घड्याळ असते. उष्णतामापक क्वचितच असतो.

तळणीच्या तेलासंबंधीही असाच मोजण्याजोगा नियम आहे. वारंवार तापवलेल्या तेलात जी ध्रुवीय संयुगे साठतात त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा वापरता येत नाही, असे बंधन १ जुलै २०१८ पासून लागू आहे. कढईतले तेल काळे, दाट आणि फेसाळ झालेले तर गिऱ्हाइकालाही रस्त्यावरून दिसते.

आषाढी-कार्तिकीच्या ह्या प्रदेशात आणखी एका पदार्थाचा स्वतंत्र विचार व्हायला हवा, आणि तो म्हणजे उपवासाची भगर. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र ह्या दिवसांच्या सुमारास महाराष्ट्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या वार्ता पुनःपुन्हा येतात. अन्न व औषध प्रशासनाने त्याचे कारण आपल्या सूचनांत स्पष्ट केले आहे: दमट आणि उष्ण हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो आणि फ्युमिगाक्लॅविनसारखी विषद्रव्ये तयार होतात. सुटी, जुनी, उघड्या पोत्यातली भगर किंवा तिचे आधीच दळून ठेवलेले पीठ ह्या बुरशीला विशेष सोयीचे पडते. म्हणून भगर बंद पाकिटातली, निर्मात्याचे नाव व मुदत छापलेली घ्यावी, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवावी, निवडून-धुऊन वापरावी, पीठ लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच दळावे, अशी त्या खात्याची शिफारस आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. प्रसाद भगर-आमटीचा होता, आणि रुग्णालयात जागा न पुरल्यामुळे आवारात दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. श्रद्धेने वाढलेल्या आणि श्रद्धेने घेतलेल्या अन्नातून असे घडावे ह्याइतके दुःखद काही नाही. ज्या वाटेवर वारीच्या काळात एकेका दिवशी शेकडो ठिकाणी अन्नदान होते, त्या वाटेवरच्या सप्ताह-समित्यांनी भगर कोठून घेतली ह्याची पावती जपून ठेवण्याची रीत पाडली, तरी निदान दोषाचा उगम शोधता येईल.

दोष आढळला म्हणजे पुढे काय होते, तेही पाहू. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कोणत्याही अन्नस्थळी प्रवेश करण्याचा, नमुना घेण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार कलम ३८ देते. परंतु नमुन्याची किंमत त्याने चालू दराने चुकती केली पाहिजे, त्याची लेखी सूचना दिली पाहिजे आणि त्या वेळी साक्षीदार हजर ठेवला पाहिजे. नमुन्याचे चार भाग करून लाखबंद करतात: एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन अभिहित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात आणि चौथा, मालकाने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. विश्लेषकाने आपला अहवाल चौदा दिवसांत द्यावयाचा असतो आणि तो मान्य नसेल तर मालकाला अपिलाची वाट खुली असते. विनाकारण जाच करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ३९ अन्वये दंड होऊ शकतो. हॉटेलमालकावर अन्याय होऊ नये म्हणून कायद्याने एवढी तजवीज केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी: भेसळीचा नमुना रसायन घालून टिकवता येतो, पण जंतूंची गणना करावयाची तर नमुना निर्जंतुक भांड्यात, काही न मिसळता, बर्फात ठेवून लगोलग प्रयोगशाळेत न्यावा लागतो. माळशिरस तालुक्यातून तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जी दगदग होते तिच्यामुळे हॉटेलातील शिजवलेल्या अन्नाविरुद्ध पुरावा उभा करणे कठीण जाते, आणि म्हणूनच जागेवर केलेली तपासणी आणि तिचा तक्ता यांचे मोल प्रयोगशाळेच्या अहवालाहून कमी नाही.

तक्त्यात त्रुटी निघाल्या तर कलम ३२ अन्वये सुधारणा नोटीस निघते. तिच्यात दोष कोणते, उपाय कोणते आणि मुदत किती हे लिहिलेले असते, आणि ती मुदत चौदा दिवसांहून कमी असू शकत नाही. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो, तरीही झाली नाही तर रद्द होतो. लोकांच्या जीविताला तत्काळ धोका असेल तर त्याच पावली धंदा बंद करण्याची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. गलिच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल मूळ अधिनियमाच्या कलम ५६ ने एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवला आहे. ही नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. नोटीस मिळाली, जाळी बसवली, मोरी दुरुस्त केली, फेरतपासणीत शेरा चांगला पडला, असा ज्या हॉटेलचा इतिहास आहे ते हॉटेल कधीच न तपासलेल्या हॉटेलापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. दुर्दैवाने हा इतिहास कोणी वाचत नाही, कारण तो कोणाला दिसत नाही.

इतर देशांनी ह्यावर उपाय केले आहेत. डेन्मार्कने २००१ पासून तपासणीचा निकाल हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चिन्हांनी दारावर लावण्यास आरंभ केला. लॉस एंजेलिस परगण्याने १९९८ पासून आणि न्यूयॉर्क शहराने २०१० पासून अक्षरांच्या श्रेणी खिडकीत लावायला लावल्या. वेल्समध्ये शून्य ते पाच अशी श्रेणी दाखवणे २०१३ पासून सक्तीचे आहे. अशा फलकांमुळे आजारपण किती घटते ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत: लॉस एंजेलिसच्या श्रेणींमुळे अन्नजन्य रोगाने इस्पितळात जाणाऱ्यांची संख्या उतरली असा जो निष्कर्ष २००३ साली निघाला होता, त्यावर २०१९ साली गंभीर आक्षेप घेण्यात आले. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण आजार किती टक्क्यांनी घटतो हा प्रश्न एक, आणि आपण जे खातो ते कोठे व कसे तयार झाले हे जाणण्याचा आपला हक्क ही गोष्ट दुसरी. आणि दुसरीसाठी पहिल्याच्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या प्राधिकरणानेही एक ते पाच अशी स्वच्छता-श्रेणीची योजना आखली आहे. तिचे लेखापरीक्षण मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था करतात, परंतु तिच्या वाट्याला शहरांतील मोठी हॉटेलेच अधिक येतात. उपाहारगृहांसाठी नेमून दिलेला जांभळ्या रंगाचा अन्न-सुरक्षा फलकही असतो, पण त्यावर नियम असतात, निकाल नसतो.

हॉटेलमालक म्हणतील की एका वाईट दिवसाचा तक्ता वर्षभर भिंतीवर राहिला तर आमचा धंदा बुडेल. ही तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर फेरतपासणी लवकर करण्यात आहे, तक्ता लपवण्यात नाही. २०११ च्या मूळ नियमांत नोंदणीकृत जागेची वर्षातून निदान एक तपासणी व्हावी असे म्हटले होते. माणसे अपुरी, तालुके अफाट आणि हॉटेले रोज नवी, अशा स्थितीत तेवढेही साधणे खात्याला जड जाते हे मान्य करूनच बोलायला हवे. तथापि जी तपासणी झाली ती तरी लोकांसमोर येण्यात मनुष्यबळाची अडचण कोणती?

ते होईपर्यंत नागरिकाच्या हातात काही साधने आहेत. बिलावरचा चौदा आकड्यांचा क्रमांक प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ ह्या संकेतस्थळावर घालून तो खरा व चालू आहे की नाही हे पाहता येते. कलम ४० अन्वये गिऱ्हाइकाला स्वतः विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, मात्र तसा आपला इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ हा निःशुल्क दूरध्वनी तक्रारीसाठी आहे. आणि सर्वांत मोलाचे साधन २००५ च्या माहितीच्या अधिकाराचे आहे: साध्या कागदावर अर्ज लिहावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, हॉटेलचे नाव व परवाना क्रमांक देऊन गेल्या तीन वर्षांतील तपासणी तक्ते, सुधारणा नोटिसा आणि फेरतपासणीचे शेरे यांच्या प्रती मागाव्यात, आणि तो सोलापूरच्या सहायक आयुक्त (अन्न) ह्यांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे पाठवावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मालकाचे म्हणणे मागवले जाईल, कदाचित व्यापारी गुपिताची सबबही पुढे येईल. मसाल्याची कृती गुपित असू शकते, पाण्याच्या टाकीची अवस्था नव्हे, आणि सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देता येते असे तोच अधिनियम सांगतो.

श्रीपूर-महाळुंगच्या नगरपंचायतीला, दोन्ही कारखान्यांच्या व्यवस्थापनांना आणि रस्त्यावरच्या हॉटेलचालकांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या आषाढीपूर्वी त्यांनी आपापल्या उपाहारगृहाचा शेवटचा तपासणी तक्ता, मिळालेल्या गुणांसह आणि अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह, दरफलकाशेजारी स्वखुशीने लावावा. तसे करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आणि ज्या वाचकाचे जेवण रोज बाहेरच होते त्याने आपल्या नेहमीच्या खाणावळीपुरता तरी तो दहा रुपयांचा अर्ज ह्याच महिन्यात करावा.